पडद्यावरच्या गर्दीत

“आणि नोव्हेंबरात मी कुठं जाऊ?” हा आंटींचा प्रश्न. लंडनजवळच्या स्लाऊमधल्या आमच्या कम्युनिटी हॉलच्या मॅनेजरनं त्यांना समजावलं होतं, ब्लॅक हिस्टरीसाठी, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी, इथं ऑक्टोबर महिना ठरलेला आहे, तेव्हाच काय ते सिनेमे दाखवा. आंटींनी हा एकच प्रश्न विचारला. हॉल वर्षभर मिळाला.

त्या मूळच्या जमैकाच्या, रिटायर्ड नर्स. त्यांच्याकडेही वडीलधाऱ्या बाईला आंटीच म्हणतात, त्यामुळे माझी सोय झाली. महिन्यातून एका रविवारी दुपारी सिनेमा असायचा. लॅपटॉप मी सांभाळायचे.

“आधी पुस्तक, मग सिनेमा,” हा त्यांचा नियम. जो पुस्तक न वाचता येईल त्याला आल्याचा केक नाही. एकदा मी नुसतं शेवटचं पान वाचून गेले. मला केक मिळाला, पण कडेचा, करपलेला.

तुम्ही त्यांच्या शेजारी बसला असतात तर तुमच्याही लक्षात आलं असतं. नायक-नायिकेकडे त्या बघतच नसत. जुन्या लंडनचा रस्ता दिसला की पुढे सरसावायच्या. “थांबव, लव्ह. जरा मागे घे,” मला म्हणायच्या. मग त्यांची नजर मागच्या गर्दीतून एकेक चेहरा चाचपत फिरायची.

त्यांचा थोरला भाऊ आधी इंग्लंडला आला होता. त्यानंच आंटींना बोलावून घेतलं. त्या पोचल्या तेव्हा त्याची खोली रिकामी. घरमालकीण म्हणाली, सकाळी कामावर गेला तो परत आलाच नाही. “तुमची माणसं अशीच निघून जातात,” म्हणून पोलिसांनी वाटेला लावलं. त्याचा एकही फोटो नव्हता.

एका डॉक्युमेंटरीत धुक्यातला बसस्टॉप आला. टोपी घातलेला एकटाच तरुण मागे वळून बघतो, एवढंच. आंटी उठल्या आणि थेट पडद्याशी गेल्या. त्यांचीच सावली त्या चेहऱ्यावर पडली. त्या बाजूला झाल्या.

“हा आहे का?” मी हळूच विचारलं.

“नाही,” त्या म्हणाल्या आणि जागेवर येऊन बसल्या.

पुढच्या महिन्यात त्यांनी तीच फिल्म लावायला सांगितली. त्याच्या पुढच्या महिन्यातही. कुणी कुरकुर केली नाही.

हिवाळ्यात आंटी गेल्या. त्यांची मुलगी जवळच्या रीडिंग गावात असते. नोकरीमुळे तिला रविवार कधी जमलाच नव्हता. आईच्या आठवणीसाठी म्हणून ती पहिल्यांदाच हॉलवर आली. आईची आवडती फिल्म कोणती, तिनं विचारलं. मी तीच लावली. मामाबद्दल, बसस्टॉपबद्दल काही बोलले नाही.

धुकं आलं. तो तरुण वळला.

माझ्या शेजारी ती ताडकन उभी राहिली. “मम?” पडद्यावर त्या तरुणाच्या शेजारी बोट दाखवत तिनं आईला हाक मारली, लहान मुलीच्या आवाजात.

मी पडद्याकडे पाहिलं तोवर बस येऊन थांबली होती, आणि बसस्टॉपवर कुणी नव्हतं.