डाव्या हातातली काठी

ताम्हिणीच्या वरच्या अंगाला पिराजीचं घर आणि घराला लागून शेळ्यांचा गोठा. आजूबाजूला कुणाचं जनावर लंगडलं की माणसं पिराजीला बोलावत. विळा चुलीत लाल करायचा आणि दुखऱ्या जागी डाग द्यायचा, ही त्याच्या बापाची विद्या. त्यामुळे बायको, भागूबाई, उजवा गुडघा धरून बसायला लागली तेव्हा त्यानं दुसरा विचारच केला नाही. तिनंही मुकाट्यानं पाय पुढे केला. डाग भरून आला, लंगडणं मात्र वाढलं. मग या शहाण्यानं आणखी एक डाग दिला.

शेळ्यांमागं जायची ती भागूबाई. तिला चढ चढवेना, आणि पिराजीच्या छातीत दम राहिला नव्हता. त्यानं हैबतराव व्यापाऱ्याशी बोलणं केलं. नाचणीची कापणी उरकली की टेंपो आणा, सगळा कळप घेऊन जा, असा शब्द दिला. भागूबाईनं त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं. शेवटी एकदा भाकरी वाढता वाढता म्हणाली, "शेळ्या ग्येल्या तर मी सकाळी उटू कशाला?"

दुसऱ्या दिवशी पिराजी तिला पौडला डॉक्टर मेधाबाईंकडे घेऊन गेला.

मेधाबाईंनी गुडघ्यावरचे डाग पाहिले. गुडघा दाबला आणि सोडून दिला. मग भागूबाईला आडवं करून मांडी पोटाकडे वाकवली, पाऊल हळूच बाहेर वळवलं. जांघेत अशी कळ आली, की बाईनं खाटेची कड गच्च धरली.

"मावशी, गुडघा चांगला आहे तुमचा," डॉक्टर म्हणाल्या. "दुखणं खुब्यात आहे, मांडीच्या वरच्या सांध्यात. ते गुडघ्यात जाणवतंय."

धडधाकट गुडघा आपण दोनदा जाळला, हे पिराजीच्या ध्यानात आलं आणि त्याला मान वर करवेना.

मग डॉक्टरांनी खुब्याचा एक्स-रे काढून पडद्यावर दाखवला, आणि तो बघतच राहिला. वाटीत बसलेला गोळा. जत्रेला बोकड कापताना त्यानं तो कैकदा सोडवला होता. त्यावरचा निळसर पांढरा, बोट ठरणार नाही असा गुळगुळीत थर त्याच्या ओळखीचा होता. तसलाच गोळा आपल्या बायकोच्या अंगात असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. तिचा तो थर झिजला होता, हाड हाडाला टेकायला आलं होतं. चालताना दर पावलाला या सांध्यावर अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. पिराजीला तिच्या डोक्यावरचे हंडे आठवले, सरपणाचे भारे आठवले, पोटातली लेकरं आठवली. लिंबाएवढ्या गोळ्यानं हे सगळं या डोंगरात वाहिलं.

झिजलेलं परत येत नाही, पण दुखणं कमी करता येतं, असं डॉक्टर म्हणाल्या. कुल्ल्याच्या आणि मांडीच्या स्नायूंना रोज व्यायाम हवा, जमिनीवर न बसता उंच बसायला हवं, फार दुखलं तर गोळी. एवढ्यानं भागलं नाही, तर पुढे सांधा बदलण्याचं ऑपरेशन असतं. आणि काठी डाव्या हातात धरायची.

भागूबाईला हे पटेना. पाय उजवा दुखतो, मग आधार डावीकडे कशाला? डॉक्टरांनी स्वतः उभं राहून दाखवलं. उजव्या पायावर भार आला की अंग डावीकडे खचायला बघतं. ते सावरायला कुल्ल्याचे स्नायू उजवा सांधा आवळून धरतात. डावीकडच्या काठीनं त्यांचं ओझं हलकं होतं. भागूबाई काठी डावीकडे घेऊन दारापर्यंत गेली, वळली आणि कितीतरी दिवसांनी नवऱ्याशी नीट बोलली.

"अवो, हलकं लागतंय."

शेळ्यांना मात्र हे कोण सांगणार? भागूबाईची काठी जन्मभर उजव्या हातात, आणि काठी उजवीकडून उठली की कळप डावीकडे वळायचा. आता काठी डावीकडे दिसताच शेळ्या बिचकल्या आणि थेट शेजारच्या एकनाथच्या नाचणीत शिरल्या. एकनाथनं तोंडाला येईल ते ऐकवलं. तिनं काठी परत उजवीकडे घेतली आणि संध्याकाळी पाय ओढत घरी आली. दुसऱ्या दिवसापासून तिनं ठरवलं, काठी पायासाठी. शेळ्यांना नुसती हाळी द्यायची. ती रोज व्यायाम करी आणि चढ टाळून आडव्या वाटेनं कळप नेई.

कापणी झाली. हैबतराव टेंपो घेऊन आला. आधी कुठल्या चढवायच्या, असं त्यानं विचारलं, पण पिराजी समोर बघत होता. आडव्या वाटेनं भागूबाई येत होती, सावकाश, डाव्या हातातली काठी टेकत. कळप पुढे पांगला होता. ती थांबली. काठी जागची हलली नाही. तिनं एक लांब हाळी दिली, आणि पांगलेल्या सगळ्या शेळ्या माना वळवून तिच्याकडे निघाल्या. शेळ्या काठीला भितात, असं पिराजी आयुष्यभर समजत आला होता.

हैबतराव दिलेल्या शब्दाची आठवण करून देत होता. पिराजीनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"बाई माजी चालतीया, हैबतराव," तो म्हणाला, आणि टेंपोचं उघडलेलं मागचं फळकं त्यानं स्वतःच लावून टाकलं.