सावंतकाकू आणि भाड्याचा व्हिडिओ गेम

सावंतकाकू बोलायला लागल्या की त्यांची बोटंही बोलायची. ओट्यावर, खुर्चीच्या हातावर, मांडीवर निजवलेल्या बाळाच्या पाठीवर, कुठेही. त्या सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या आणि तोंडातून निघालेलं वाक्य बोटांनी टाइप केल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. कोपरीला आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचं दार आमच्या समोरच. दोन्ही दारं दिवसभर उघडी.

काकूंना सगळ्याचीच घाई. "पटकन सांग, माझा कुकर थांबायचा नाही," हे त्यांचं नेहमीचं. कुणी रडगाणं लावलं तर क्षणभर ऐकून म्हणायच्या, "बरं, मग आता करायचं काय, ते बोल." अशा काकू नव्वदच्या दशकातल्या एका दिवाळीत गप्प झाल्या, तेव्हा सगळा मजला गप्प झाल्यासारखा वाटला.

झालं होतं असं, की कचेरीत कॉम्प्युटर आले. काकूंनी भीतभीत कुठलंतरी बटण दाबलं आणि साहेबांचं अख्खं टिपण पडद्यावरून नाहीसं झालं. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुम्ही याला हात लावू नका." सुट्टी संपली की राजीनामा द्यायचा, असं काकूंनी ठरवून टाकलं. सावंतकाकांची कंपनी आधीच बंद पडलेली, घर काकूंच्या पगारावर चाललेलं. काका नुसते गॅलरीत येरझारा घालत होते.

सुट्टीच्या शेवटच्या रविवारी मी आणि माझा धाकटा भाऊ मंदार कॅसेटच्या दुकानातून दिवसभरासाठी व्हिडिओ गेम घेऊन आलो. आईने काकूंना चहाला बोलावलं होतं. त्या टीव्हीकडे पाठ करून बसल्या. मंदारला जोडीदार हवा होता आणि मी फराळाचं ताट घेऊन बसले होते. त्याने सरळ दुसरा रिमोट काकूंच्या हातात दिला.

"अरे नको, बिघडेल माझ्याकडून."

"काही नाही बिघडत. हे बटण दाबलं की उडी."

काकूंचा माणूस उडी न मारता खड्ड्यात पडला.

"काकू, तुम्ही मेलात," मंदार म्हणाला.

"मग आता?"

"आता काय, परत सुरू करायचं."

"आणि परत मेले तर?"

"परत. मी तर दर डावाला मरतो."

काकूंनी कप खाली ठेवला आणि वळून टीव्हीसमोर मांडी घातली.

मग आम्ही गाड्यांची शर्यत खेळलो. काकू प्रत्येक वळणावर स्वतःच झुकायच्या. बंदुकीने बदकं मारताना "अरेरे, बिचारं" म्हणत त्यांनी एकही सोडलं नाही. वरून पडणारे ठोकळे रचायचा खेळ लावला, तेव्हा मात्र आम्ही दोघं बघतच राहिलो. ठोकळा दिसायच्या आत त्यांची बोटं तो फिरवून जागेवर बसवत होती. दुपारी काका दारात आले. "जेवायचं नाही का?"

"पोळ्या डब्यात आहेत, घ्या वाढून. मी रणगाड्यात आहे."

काकांना इतक्या दिवसांनी हसताना पाहिलं. ते ताट घेऊन आमच्याकडेच येऊन बसले.

संध्याकाळी गेम परत द्यायला निघालो, तर काकू उठेनात. "एवढा डाव होऊ दे रे." तो संपल्यावर त्या आईला म्हणाल्या, "वहिनी, उद्या डबा लवकर करायचाय. ऑफिस आहे."

त्या आठवड्यात त्यांनी आणखी एक टिपण उडवलं. साहेब रागावले तेव्हा त्या म्हणाल्या, "रागवा, पण आधी परत कसं आणायचं ते दाखवा." साहेबांनी दाखवलं. काकूंची नोकरी रिटायर होईपर्यंत टिकली.

पुढे काका-काकू विठ्ठलवाडीला राहायला गेले आणि भेटी लग्नकार्यापुरत्या उरल्या. मागच्या वर्षी काकू गेल्या. मी भेटायला गेले, तेव्हा त्यांचा नातू कॉटवर एकटाच बसला होता. आजीबरोबर काय खेळायचास, म्हणून विचारलं.

"सगळंच. पण ती मला जिंकू द्यायची नाही," तो म्हणाला. "बाकी सगळे मुद्दाम हरतात. आजी एकदाही नाही हरली." आणि मग तो रडायला लागला.