उत्तरांची पानं

लढाईच्या दिवसांत नवी पुस्तकं मिळेनात. विद्यापीठाच्या गणिताच्या बक्षीस-परीक्षेसाठी मी सांगलीच्या हळदबाजारातल्या एका रद्दीवाल्याकडून उदाहरणांचं जुनं पुस्तक घेतलं. शेवटची उत्तरांची पानं मात्र त्यानं फाडून स्वतःकडे ठेवली. “आदी सोडवून दाव, मग एकेक पान घिऊन जा.”

मला राग आला, पण दुसरं पुस्तक गावात नव्हतं. दर रविवारी मी वही दाखवायचो. तो ओळींवरून बोट फिरवायचा, मान डोलवायचा आणि पान द्यायचा.

एकदा कंटाळून मित्रानं सोडवलेली उदाहरणं सुरेख अक्षरात उतरवून नेली. तो वहीकडे बघतच राहिला.

“ह्यात कुटंच खाडाखोड न्हाई रं. कुनाचं उतरवलंस?”

शरमेनं माझी मान खाली गेली. तेव्हा दिसलं, वही त्यानं उलटी धरली होती.