गाडीचा सूर
एस.टी. कोणत्या सुरात चालली आहे, हे मी हल्ली कान देऊन ऐकतो. ही खोड मला लावली ती पांढरकवड्याहून मारेगावला जाताना भेटलेल्या एका भजनीबुवांनी.

त्यांना उतरल्याबरोबर भजनाला उभं राहायचं होतं, म्हणून ते गाडीतच वीणा लावत होते. खुंटी पिळली की तार ढिम्म. आणखी पिळली की 'टिंग' करून भलतीच वर उडायची.

मागची बाई म्हणाली, "बुवा, तुटन ना!"

बुवा हसले. मी शब्दकोडं सोडवत होतो. माझ्या पेन्सिलीकडे बोट करून म्हणाले, "भाऊ, द्या बरं मले थे."

खुंट्यांखालच्या पट्टीत तारांसाठी खाचा असतात. तार अलगद उचलून त्यांनी खाचेत शिसं घासलं, फुंकर मारली आणि बोट मिशीला पुसलं. पांढरी मिशी एका बाजूनं काळी झाली.

"खुंटीले कायले पिळावं? तार मधातच अडते."

आता तार मुकाट्यानं सरकू लागली. बुवांनी खिडकीच्या दांडीला कान लावला. ते गाडीच्या घरघरीतून सूर घेत होते! जुळतच आलं होतं, तेवढ्यात ड्रायव्हरनं गिअर बदलला.

"अरे बापू, सूर काहून बदलवला?"

सगळी गाडी हसली. ड्रायव्हरनं निमूट पुन्हा आधीचाच खालचा गिअर टाकला. गाडी रांगू लागली, पण कोणी कुरकुरलं नाही. शेवटी वीणा लागली. बुवांनी तिला नमस्कार करून डोळे मिटले.

पुढून हळूच आवाज आला, "काका, आता बदलू काय गिअर?"