नीरेच्या डोहातला जर्मन

परत जर्मनाशी लढाई जुंपली आणि मी एकदम मोठा माणूस झालो. सोलापुरात पोराच्या खोलीशेजारी चहाचं दुकान आहे. गिरणीचा सकाळचा भोंगा होऊन गेला की तिथं पेपर वाचतात. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मनाच्या पाणबुडीनं बोट बुडवली, असं आलं की सगळ्यांची तोंडं माझ्याकडं फिरतात. दुकानवाला न मागता चहा ठेवतो. शेजारचा तेलुगू विणकर म्हणतो, "मामा, तुमी डोळ्यानं पाहिलं ना? सांगा की!"

मी सांगतो. चहा पितो आणि सांगतो. घरी आलो की लाज वाटते. कारण मी पाणबुडीचं सांगतो आणि नदीचं गिळतो. नदीचं सांगायचं तर बायकोचं सांगावं लागतं, आणि तिला जाऊन अजून वर्ष झालं नाही. माझी शाळा दुसरीपर्यंत. येईल तसं लिहितो.

आम्ही माळशिरसकडचे मेंढरंवाले. मागच्या लढाईच्या वेळी आमचा कळप रोगानं मेला. बायकोला तिच्या माहेरी सोडून मी मुंबईला गोदीत कोळसा उचलायला गेलो. तिथं कोकणातला एक आगवाला भेटला. आगवाला म्हणजे बोटीच्या बॉयलरमध्ये कोळसा मारणारा. बोटींना माणसं कमी पडत होती. त्यानं मला हाताखाली घेतलं, आणि ज्यानं मुंबईला येईपर्यंत दर्या बघितला नव्हता तो मी बोटीच्या पोटात कोळसा ओढायला लागलो.

पाळी संपवून वर यावं तर सगळ्यांच्या तोंडी पाणबुडी. ती दिसत नाही, आवाज करत नाही, खालून येते. म्हणून प्रत्येकाला पाण्यावर तरंगवणारं बुचाचं जाकीट दिलेलं, आणि ते अंगातून काढायचं नाही असा हुकूम. मी झोपायचोसुद्धा जाकिटात.

एका सकाळी वर आलो तर समोर इंग्लंड. आमच्या गावच्या नीरेचा पलीकडचा काठ दिसावा इतकं जवळ. हिरवी टेकडी, आणि टेकडीवर मेंढरं. किती दिवसांनी मेंढरं बघत होतो! मला रडू फुटलं. सगळी मान खाली घालून निवांत चरत होती. आमच्यात पोरालाही ठाऊक असतं की मेंढरं अशी चरायला लागली म्हणजे लांडगा आसपास नाही. मी जाकीट काढून ठेवलं.

आगवाला ओरडला, "खुळ्या, घाल ते अंगात!"

मी म्हणालो, "आरं, मेंढरं बघ की. हितं कोन मारतंय आपल्याला? सायबाचं दार आलं."

"दर्यातला लांडगा तुझ्या मेंढरांना विचारून येतो काय?" तो म्हणाला.

जर्मन त्या दारातच बसला होता, पाण्याखाली. धक्का बसला, बोट कलंडली आणि मी पाण्यात. मेंढरांनी मान वर केली की नाही ते मला बघायला मिळालं नाही.

चहाच्या दुकानात मी इथवर सांगतो आणि मग कोळ्यांच्या होडीनं मला कसं उचललं ते सांगतो. मधलं सांगत नाही. मधलं असं की मी एका फळीला धरून होतो, आणि खालून काहीतरी येऊन माझ्या पायांना लागत होतं. लागायचं, सरकायचं, परत लागायचं. लाकूड असेल, माणूस असेल. मी खाली बघितलं नाही. आगवाला मला परत दिसला नाही.

काठावरच्या माणसांनी माझ्या अंगावर कांबळं घातलं. त्याला ओल्या मेंढराचा वास होता. त्यानंतर मी उलटी केली.

गावी आलो तेव्हा बायकोनं माहेराहून आणलेल्या दोन मेंढ्यांचा छोटा कळप केला होता. पुढं आम्हाला पोरगा झाला. लोक माझ्याकडं कौतुकानं बघत होते. मीही छाती काढून चालत होतो. दिवाळीनंतर मेंढरं धुवायची वेळ आली तोवर.

लोकर कातरायच्या आधी आमच्यात मेंढरं नदीत धुतात. नीरेच्या डोहात बाप्ये ओळीनं उभे राहतात, छातीएवढ्या पाण्यात. एका टोकाला मेंढरू ढकलायचं, प्रत्येकानं ते चोळायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचं. पलीकडं ते पांढरं होऊन निघतं. प्रत्येक घरचा एक बाप्या ओळीत पाहिजे. ज्या घरचा नाही त्याची मेंढरं सगळ्यांत शेवटी, गढूळ पाण्यात. बायकांनी काठावर ओली मेंढरं सांभाळायची, पाण्यात उतरायचं नाही.

त्या डोहात मी लहानपणी पुराच्या पाण्यात उड्या मारलेल्या. आमच्या गावात माझ्याइतका पोहणारा नव्हता. मी धोतर खोचलं आणि उतरलो. पाणी मांडीला आलं. वरच्या अंगानं पहिलं मेंढरू आलं, पाण्याखाली त्याचे पाय माझ्या पायांना लागले.

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही. लोक सांगतात, "खाली हाय! खाली हाय!" असं ओरडलो. मग मी काठावर चिखलात हातापायांवर होतो, आणि ओळीतले सगळे बाप्ये माझ्याकडं बघत होते.

आधी हसले. माझा थोरला चुलता ओळीच्या तोंडाशी होता. तो म्हणाला, "आरं, खाली कोन हाय? जर्मन? नीरंत कुटनं आला त्यो? पंढरपुरावरनं का रं?"

दुसरा म्हणाला, "तिकीट काढून आला आसंल."

मी परत उतरलो. गुडघ्यापर्यंत गेलो आणि पाय पुढं पडेना. तिसऱ्यांदा तर घोट्यापर्यंतच. चुलत्याचं हसू संपलं. "ह्या घरचा बाप्या न्हाय," तो म्हणाला. "फुडच्या घरची मेंढरं घ्या."

बायको वर मेंढरं अडवून उभी होती, कडेवर पोरगं. ती खाली आली, पोरगं माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "ह्याला धरा." मग कासोटा घट्ट ओढला आणि पाण्यात शिरली.

चुलता म्हणाला, "आगं, बायकांचं काम न्हाय हे. भाईर हो."

"मामंजी," ती म्हणाली, "घरचा एक मानूस पायजे का न्हाय? हे बघा आलं मानूस. मेंढरू द्या हिकडं."

 मग वरच्या टोकानं कुणीतरी आमचं पहिलं मेंढरू ढकललं. ते तिच्या हातून सटकलं, तिला घेऊनच खाली गेलं. ती वर आली, नथीवरून पाणी गळतंय, आणि मेंढराला म्हणाली, "मुडद्या, माज्या हातची पेंड खाऊन मलाच बुडवतोस व्हय!" ओळ हसली. त्या हसण्यातच तिला ओळीत जागा मिळाली.

मी काठावर पोरगं घेऊन बसलो होतो. ते भुकेनं रडायला लागलं. पाण्यातनं कुणीतरी म्हणालं, "आरं, पाज की त्याला!" मी मान खाली घातली. त्या दिवशी मला "काठावरचा" असं नाव पडलं, ते गाव सोडेपर्यंत सुटलं नाही.

दुपारी आमची मेंढरं धुऊन झाली तशी ती डोहात एकदा खाली गेली. वर आली तेव्हा तिच्या हातात चपटा धोंडा होता. तिनं तो काठावर माझ्या पायाशी टाकला.  घरी भाकरी थापताना म्हणाली, "खाली धोंडं हायती. बाकी काय न्हाय. म्या हातानं चाचपलंय."

मी म्हणालो, "मला ठावं हाय."

"ठावं हाय तर मग?"

 मला राग आला होता. तिनं मला वाचवलं ह्याचा राग. मी ताट सरकवलं आणि उठलो.

दर साली ती ओळीत उभी राहिली, पोरगा ओळीत उभा राहण्याजोगा होईपर्यंत. दर साली शेवटी खालून एक धोंडा आणायची आणि माझ्या पायाशी टाकायची. पुढच्या साली तरी मी उतरावं म्हणून असेल. मी उतरलो नाही. एकदाही तिला म्हणालो नाही की बाई, तू केलंस. उलट आलेल्या-गेलेल्याला बोटीची गोष्ट सांगायचो आणि ती मला चहा आणून द्यायची. तिनं एकदाही मधे तोंड घातलं नाही.

पोराला गिरणीत काम लागलं तसे आम्ही सोलापूरला आलो. ती इथं खोकल्यानं गेली. मला डोहात सोडा, असं तिनं पोराला सांगून ठेवलं होतं. सावडल्यावर आम्ही राख घेऊन नीरेला गेलो.

गाडगं माझ्या हातात होतं. मी चपला काढल्या. मनाशी ठरवून आलो होतो की आज उतरायचं. तिच्यासाठी एवढं तरी.

पोरानं माझ्या हातातनं गाडगं काढून घेतलं. म्हणाला, "बा, तुमी थांबा. आयनं सांगितलंय, तुज्या बाला पान्यात उतरवू नगंस, त्याला सोसायचं न्हाय."

मी म्हणायला पाहिजे होतं की नाही, मीच जातो. माझे पाय पाण्यापासून हातभर होते. मी गाडगं सोडून दिलं. खरं लिहायचं तर, बरं वाटलं मला.

तो गेला, ती जिथं उभी राहायची तिथवर. राख सोडली, डुबकी मारली. मी काठावर उभा राहून त्याच्या हाताकडं बघत होतो. तो वर आला, हात रिकामे होते. मी धोंड्याची वाट बघत होतो, हे त्याला काय माहीत!

उद्या सकाळी पेपर येईल, चहा येईल, आणि विणकर म्हणेल, सांगा की मामा. उद्या मी त्यांना नदीचं सांगणार आहे. तो काठावरचा मीच, हे आधी सांगणार आहे. मग पाहिजे तर चहा देतील.