शिंपीकाकांच्या गायीचं चुकलेलं माप

शिंपीकाकांना साऱ्या गल्लीच्या कंबरांची मापं तोंडपाठ, पण स्वतःच्या गायीचं माप काही त्यांना घेता आलं नाही. याला प्रेम म्हणा नाहीतर वेडेपणा. काकू गेल्यावर घरात बोलायला ती एक गायच उरली. मशीनवरून उठले की काका गोठ्यात जात, आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून ओंजळभर पेंड नेत. असं दिवसातून कितीदा, त्यांनाच माहीत. गाभणपणात गाय अशी गरगरीत झाली की तिची बरगडी हाताला लागेना. काका खूश.

गाय व्यायली आणि सगळं बिनसलं. तिने खाणं टाकलं, दूध मात्र देत राहिली. बघता बघता पाठीची हाडं वर आली. महिने उलटले तरी पुन्हा गाभण राहायला ती माजावर येण्याचं नाव घेईना. काकूंचा भाऊ येऊन म्हणाला, "दाजी, अशी किती दिवस सांभाळणार? पुढच्या बाजारात काढून टाकू."

काकांनी गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

"उपासमार नाही, लाड झालेत हिचे," गायीच्या पाठीवरून हात फिरवत बाई म्हणाल्या. "विण्याआधी फार चरबी चढली की व्यायल्यावर भूक मरते. मग अंगातलं जाळून दूध देत राहते. अशा अंगाने गाभ कसा धरेल? एवढं कशाला चारलंत?"

काका खाली बघत म्हणाले, "बायको शेवटी शेवटी काहीच खात नव्हती हो. ही खायची."

बाईंनी पेंडीची टोपली बाजूला सारली. मग म्हणाल्या, "आता दोन वेळा, सकस पण मोजून. मधेमधे काही नाही."

काकांनी मन घट्ट केलं. गाय हंबरली की ते मशीन जोरात चालवत. हळूहळू तिचं अंग भरलं, ती माजावर आली, आणि पुढे बाईंनी तपासून सांगितलं, "गाभण आहे."

मेहुणा फोनवर म्हणाला, "बरं, मग राहू दे."

गाय राहिली. त्या संध्याकाळी काका मोकळ्या हातांनी गोठ्यात गेले. गायीने त्यांचा तळवा हुंगला आणि ती चाऱ्याकडे वळली. काही भरवल्याशिवाय कुणाजवळ कसं बसायचं, हे काकांना ठाऊकच नव्हतं. थोडा वेळ ते तिथे अवघडून उभे राहिले आणि घरात निघून आले.