कोरड्या डोळ्यांचं पाणी

माझ्या डोळ्यांतल्या पाण्याने माझ्याच मुलीची बंगळूरची नोकरी घालवली, असं म्हटलं तर तुम्हाला वाटेल, हा माणूस चहा पिता पिता काहीतरी फेकतोय. पण ऐका तरी. हसू आलं तर हसा, मीही अर्ध्यापर्यंत हसतोच.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. आम्ही गिरगाव सोडून भाईंदर पश्चिमेला फ्लॅट घेतला होता. मी एका खासगी कंपनीत अकाउंट्सला. ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि सगळं काम स्क्रीनवर गेलं. दिवसभर टक लावून बसायचं, आणि एसीचा झोत नेमका माझ्या तोंडावर. आधी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं, मग पाणी. पेपर वाचताना गळायचं, जेवताना गळायचं. टीव्हीवर शेअर बाजार वर गेल्याची बातमी लागली तरी मी आपला डोळे पुसतोय.

आता पाणी जास्त येतंय म्हटल्यावर माणूस काय करणार? सुकवणार. मीही घरी आलो की पंखा फुल्ल करून त्याच्याखाली डोळे ताणून बसायचो. केमिस्टकडून लाली घालवायचे ड्रॉप्स आणले. ते टाकले की डोळे थोडा वेळ पांढरेशुभ्र, मग पहिल्यापेक्षा लाल. बायको रोज म्हणायची, डॉक्टरला दाखवा. मी म्हणायचो, पाणीच आहे, रक्त थोडंच येतंय?

त्याच दिवसांत आमच्या मानसीला, एकुलत्या एका मुलीला, बंगळूरच्या कंपनीने घेतलं. इंजिनिअर झाल्यापासून पोरगी अर्ज करकरून थकली होती. मला मनापासून आनंद झाला. पेढे घेऊन समोरच्या गुजराती भाभींकडे गेलो, तर दारातच धार लागली.

भाभी म्हणाल्या, "रोते क्यूं हो, भाईसाब? बेटी का तो अच्छाच हुआ ना."

डोळ्यांचा त्रास आहे, असं मी सांगणारच होतो. पण त्यांनी खुर्ची दिली, पाणी आणलं, बाप का दिल ऐसाच होता है म्हणाल्या. खरं सांगू? बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणीतरी हळवा म्हणत होतं. मी काही बोललो नाही, पाणी प्यायलो आणि घरी आलो.

झालं. मुलगी चालली म्हणून बाप रडून अर्धा झालाय, असं बिल्डिंगभर पसरलं. मानसीच्या कानावर जायचं राहिलं होतं, तेही गेलं. तशी ती घरात बघतच होती म्हणा. ती कपाटातून कपडे काढतेय आणि मी दारात डोळे पुसत उभा. एकदा तिने विचारलंही, मी गेले तर तुम्ही नीट राहाल ना? मी म्हटलं, तू बिनधास्त जा गं, माझं काय. आणि हे म्हणताना दोन्ही गालांवरून ओघळ. सांगा, कोण विश्वास ठेवेल?

शेवटी एका शनिवारी बायकोने मला ओढतच स्टेशनजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी माझ्या खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली, डोळे मिटून बसायला लावलं, मग पट्टी काढून उजेडात धरली. ती जेमतेम ओली झाली होती.

"काका, तुमचे डोळे कोरडे पडलेत," त्या म्हणाल्या.

"अहो बाई, इथे नळ वाहतोय आणि कोरडे कसे?"

त्यांनी शांतपणे समजावलं. डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर असतो, त्यात तेलही असतं. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, वर एसीचा वारा, की तो थर सुकतो. डोळा चुरचुरला की घाबरून भसाभसा पाणी सोडतो, पण ते नुसतंच वाहून जातं, टिकत नाही. पंखा बंद, केमिस्टचे ड्रॉप्स बंद, एसीसमोरची जागा बदला, आठवणीने पापण्या मिटा, गरम पाण्याच्या फडक्याने शेका. आणि खोट्या अश्रूंचे ड्रॉप्स लिहून दिले.

मी खूश. घरात शिरल्या शिरल्या मानसीला सांगितलं की मी रडत नव्हतोच, माझे डोळे कोरडे आहेत. बायको हसली. मानसी हसली नाही. वडिलांना सोडून येता येणार नाही, असं तिने आदल्याच दिवशी बंगळूरला फोन करून कळवलं होतं.

सोमवारी मी तिला परत फोन करायला लावला. जागा दुसऱ्याला गेली होती. पुढे तिला अंधेरीत नोकरी मिळाली, चांगली चालली. पण बंगळूरचं नाव निघालं की आजही ती विषय बदलते.

त्या सोमवारी संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे बाबा, मी जाणार म्हणून तुम्हाला एकदाही रडू आलं नव्हतं?"

त्या क्षणी मात्र मला खरंखुरं रडू फुटलं. डोळे भरून वाहायला लागले.

मानसीने माझ्याकडे नीट पाहिलं आणि रुमाल पुढे केला.

"ड्रॉप्स जरा कमी टाकत जा, बाबा. सगळे बाहेर येतायत."